दहाव्या दिवशी, कालव्याच्या तोंडाशी

देव आहे की नाही, या प्रश्नावर मी आयुष्यात कधी फार वेळ घालवला नव्हता. इकडे परदेशात, पापाकुराच्या आमच्या घरात दत्ताची तसबीर आहे. रोज संध्याकाळी दिवा, गुरुवारी हार, जयंतीला सुंठवडा. ही कामं मी इतर कामांसारखीच वेळेवर करत आले. मागच्या मे महिन्यात माझे यजमान गेले, आणि त्यानंतर नऊ दिवस मी त्या तसबिरीकडे पाहिलंही नाही. सुतकात पूजा नसते, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही. मला मात्र ठाऊक होतं. तिथे कोणी नसावं असंच मला वाटत होतं, कारण कोणी असलंच तर त्याच्यासमोर उभं राहायची माझी तयारी नव्हती.

त्याचं कारण आधीच सांगून टाकते. ह्यांना सायकलिंगचा नाद होता, तोही रस्त्यावरच्या नाही, खडीवरच्या. जाड टायरची सायकल घेऊन दर शनिवारी कैआउआच्या किनाऱ्याला जायचे आणि कालव्यांच्या बांधावरून, खाजणांच्या कडेने चाळीस-पन्नास किलोमीटर करून यायचे. त्या शनिवारी ते अर्ध्यातूनच परतले. मी ओट्याशी आठवड्याची यादी करत होते. म्हणाले, "जबडा जरा जड वाटतोय गं, छातीतही जळजळतंय." मी मान वर न करता म्हटलं, "कालची मिसळ बाधली असेल. गोळी घ्या आणि पडा थोडं." मी फार्मसिस्ट आहे. दुकानात एखादा अनोळखी माणूस हेच वाक्य बोलला असता तर मी त्याला खुर्चीत बसवून चार प्रश्न विचारले असते आणि पाचव्या मिनिटाला अँब्युलन्स बोलावली असती. घरच्या माणसाला मी एकही प्रश्न विचारला नाही. चाळीस मिनिटांनी चहा घेऊन गेले तेव्हा सगळं संपलं होतं. हॅमिल्टनला नर्स असलेल्या मुलीला, सांगलीला असलेल्या सासूबाईंना, सगळ्यांना मी एकच सांगितलं: झोपेतच गेले, काही बोललेच नाहीत.

त्यानंतर मी यादी केली. दुसरं काही मला येत नाही. सांगलीच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सामान सांगितलं, ते लिहून घेतलं. तीळ, दर्भ, पंचगव्य, तांदूळ. कावळा खोडून टाकला, कारण इकडे कावळे नाहीत. गुरुजी म्हणाले, "अस्थी तुमच्या हातून चालतील, वहिनी. दहाव्याला सूर्यास्ताच्या आत, वाहत्या पाण्यात किंवा समुद्रात." सासूबाईंना मी शब्द दिला की दहाव्या दिवशी तुमच्या मुलाला मोकळं करीन. जागाही ठरवली. ह्यांच्या वाटेवर एक मोठा कालवा समुद्राला मिळतो. तिथे बसून ते मला दर शनिवारी फोटो पाठवायचे, आणि मी बहुतेक वेळा अंगठा पाठवायचे. तिथे गाडी जात नाही, सायकलनेच जावं लागतं. भरतीची वेळ काढली, वाऱ्याचा अंदाज काढला, कुठे किती वाजता पोचायचं ते लिहिलं.

मुलगी किनाऱ्यापर्यंत गाडी घेऊन आली. म्हणाली, "आई, लेट मी कम विथ यू. प्लीज."

"तुझ्याकडे सायकल कुठे आहे? तू गाडी घेऊन पुढच्या टोकाला थांब. तुझं काम ते आहे."

"आय डोन्ट वॉन्ट अ काम, आई. ही वॉज माय बाबा."

मी हेल्मेटचा पट्टा लावला आणि निघाले. तिला सोबत न्यायचं नव्हतं, कारण ती शेजारी असती तर मला त्या डब्याशी एकटं राहता आलं नसतं. आणि एकटीने राहायची भीतीही तितकीच होती.

ज्यांनी ती वाट पाहिली नाही त्यांना सांगते. एका हाताला सपाट हिरवी कुरणं, त्यांत कोरलेले सरळ कालवे, पाणी चहासारखं तांबूस. दुसऱ्या हाताला खारफुटी, मग चिखल, मग शिंपल्यांच्या चुऱ्याचे पांढरे बांध, त्यांच्या आड अडकलेली खाजणं, आणि पलीकडे करडा समुद्र. झाड नाही, आडोसा नाही. वारा समोरून होता. डबा हँडलवरच्या पिशवीत होता आणि दर खड्ड्याला आतून एक बारीक सरसर आवाज येई. इथल्या दहनानंतर हाडं देत नाहीत, दळलेली पूड देतात. त्या आवाजाबरोबर मी आपोआप दिगंबरा दिगंबरा म्हणत होते. भक्तीने नव्हे. जिना चढताना पायऱ्या मोजाव्यात तसं.

कालव्यापासून दोनेक किलोमीटर अलीकडे सैल खडीवर माझं पुढचं चाक घसरलं. गुडघा फुटला, चेन निघाली. पडता पडता मी पिशवी पोटाशी कवटाळली म्हणून डबा वाचला. बांधावर बसून चेन चढवताना माझे हात काळे झाले आणि मी मोठ्याने, शिव्या म्हणता येतील अशा शब्दांत, दत्तालाच बोलले. एवढं तरी नीट होऊ द्यायचं होतं, म्हटलं. माझी पंधरा मिनिटं गेली.

कालव्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा भरती टेकली होती. पाणी स्थिर होतं. वर ढगांत सूर्य कुठे आहे ते दिसत होतं. मी सामान मांडलं, तीळ हातात घेतले, डब्याचं झाकण फिरवलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "किया ओरा. जरा थांब, डिअर."

साधारण सत्तरीची माओरी बाई होती; किया ओरा हा त्यांचा नमस्कार. गमबूट, खांद्यावर जाळं, हातात बादली, मागे एक म्हातारं कुत्रं. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, मी ते मराठीत लिहिते आहे.

"त्या डब्यात काय आहे?"

"माझा नवरा," मी म्हटलं.

ती एक पाऊल मागे सरकली. बादली खाली ठेवली. बादलीत चपटे मासे होते, एक अजून हलत होता.

"मला फार वाईट वाटतं तुझ्यासाठी," ती म्हणाली. "पण इथे नाही. या पाण्यातलं आम्ही खातो. माझी नातवंडं खातात. मेलेला माणूस आणि जेवण एका पाण्यात नसतात."

मला संताप आला. मी तिला सूर्य दाखवला, दहावा दिवस सांगितला, सांगलीला फोनशी बसलेली ब्याऐंशी वर्षांची आई सांगितली. आमच्याकडे सगळं शेवटी पाण्यातच जातं, म्हटलं, पाणी सगळं पवित्र करतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या घरी कोणी गेलं तर त्या दिवशी तुम्ही स्वयंपाक करता?"

नाही करत. चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. स्मशानातून आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवत नाही. माझी आई त्याबाबत इतकी कडक होती की आम्ही तिला हसायचो. आणि मी इथे, दुसऱ्याच्या चुलीत माझ्या घरची राख टाकायला आले होते. वारा, भरती, अंतर सगळं लिहून काढलं होतं. हे पाणी कोणाचं, हा प्रश्न मला सुचलाही नव्हता.

मी झाकण बंद केलं. तेवढंच करता आलं. मग माझ्या तोंडून निघालं, "मग मी काय करू?" गेल्या कित्येक वर्षांत मी हा प्रश्न कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. घरात, दुकानात, मंडळात, तो सगळे मला विचारतात.

"आधी बस," ती म्हणाली. "गुडघ्यातून रक्त येतंय तुझ्या. आणि मला आंटी म्हण, इथे सगळे तसंच म्हणतात."

आम्ही बांधावर बसलो, मध्ये डबा. ते कसे गेले हे तिने विचारलं नाही. कसे होते, हे विचारलं. मी सांगायला लागले: सायकलचं वेड, मोज्यांच्या जोड्या कधी न जुळणं, बायकोला भिणं. "सगळे चांगले नवरे भितात," ती म्हणाली, "माझा नवरा तर माझा ट्रॅक्टर पाहूनच पळायचा." मी हसले. आणि हसता हसता ते वाक्य बाहेर आलं. जबडा, छाती, मिसळ, गोळी. सगळं.

तिने माझा हात धरला नाही. तुझा काय दोष, असंही म्हणाली नाही, आणि त्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे. तिने कुत्र्याला जवळ बोलावलं. मग म्हणाली, "हे मला का सांगतेस? तो इथे बसलाय. त्याला सांग." आणि उठून, कुत्र्याला घेऊन, पाठ करून लांब उभी राहिली.

मी डब्यावर हात ठेवला. "अहो," म्हटलं, "मी विचारायला हवं होतं. मी वर बघितलंसुद्धा नाही." दहा दिवसांत पहिल्यांदा रडले. किती वेळ, ते मोजलं नाही. डोकं वर केलं तेव्हा सूर्य गेला होता.

निघताना आंटीने आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलं आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मला शब्द कळले नाहीत, पण मान आपोआप खाली गेली. फोन नंबर घेतला, म्हणाली, "घरच्या मोठ्यांना विचारते. जागा असते. घाई नको." मग जरा रागाने स्वतःशीच म्हणाली, "मी तर मघाशीच घरी निघाले होते. चाकू इथे विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत यावं लागलं." मी पंधरा मिनिटं लवकर पोचले असते तर तिथे कोणी नसतं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं.

दत्ताला स्मर्तृगामी म्हणतात, आठवण काढताच येणारा. त्या बाईच्या मागे कुत्रं होतं आणि पलीकडे गाई उभ्या होत्या. आता त्या भागात जिकडे पाहावं तिकडे गाईच असतात, त्यामुळे यावर मी काही म्हणत नाही. जे झालं ते सांगितलं.

पुढच्या टोकाला मुलगी गाडीबाहेर उभी होती. मी डबा तिच्या हातात दिला आणि तिथेच, हेल्मेट न काढता, तिला खरं सांगितलं. पापाकुरापर्यंत गाडीत फक्त वायपरचा आवाज होता. तीन दिवस तिने माझे फोन घेतले नाहीत. चौथ्या दिवशी तिचाच आला: "आई, हॅव यू ईटन?" मी नाही म्हटलं. "आय ॲम कमिंग," म्हणाली, आणि आली. आमच्यात सगळं पूर्वीसारखं झालंय असं मी म्हणणार नाही. पण ती येते.

सासूबाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. शब्द मोडला, म्हटलं, अस्थी घरीच आहेत. त्या म्हणाल्या, "असू दे गं. थांबू दे त्याला तुझ्यापाशी. घाई त्याला कधीच नव्हती, ती तुलाच." खरं काय ते त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. ते सांगायचं की नाही, हेही मी आता ठरवत नाही. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा तो प्रश्न तसबिरीसमोर ठेवते, आणि तिथेच उभी राहते.

पाच आठवड्यांनी आंटीचा निरोप आला. तिच्या भावाच्या होडीतून आम्ही खूप आत गेलो, जिथून कोणी काही धरत नाही अशा खोल पाण्यावर. मुलीने डबा धरला, मी झाकण काढलं. ना तिथी पाहिली होती, ना वेळ. पूड पाण्यावर क्षणभर तरंगली आणि मग दिसेनाशी झाली. आंटी होडीच्या टोकाशी तिच्या देवाचं म्हणत होती, मी माझ्या देवाचं.

अशा वेळी लोक म्हणतात, आपल्या हातात काही नसतं. मला तेवढं सोपं बोलता येत नाही. त्या शनिवारी माझ्या हातात होतं, आणि मी केलं नाही. तरीही त्या बांधावर मला कोणीतरी थांबवलं, बसवलं, माझे हात धुतले. माफी मिळाली का, ते मला माहीत नाही. मागायला जागा मिळाली. तेवढ्यासाठी मी रोज हात जोडते.