शटर खाली येणार नाही

गाड्या धुण्याच्या त्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे वहिनी म्हणायचे. पहिल्या दिवशी कुणीतरी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच.

त्याआधी तिची उमेदीची सगळी वर्षं पार्लरमध्ये गेली होती. सरळ केस कुरळे करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग बायकांना कुरळ्या केसांचा कंटाळा आला, पार्लर बंद पडलं, आणि ती पाण्याचा पाइप धरून गाड्यांपुढे उभी राहिली. "तुम्हाला जमेल का हे?" असं मालकाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "गाडी निदान मान तरी हलवत नाही."

लोखंड काढायच्या औषधाचा कॅन वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा उघडला, तेव्हा सगळे नाक धरून बाहेर पळाले. कुजलेली अंडी आणि जळालेले केस एकत्र वाटावेत तसा तो वास. वहिनी मात्र जागची हलली नाही. "अहो, हा तर माझ्या पार्लरचा वास!" ती म्हणाली. आणि खरंच तसं होतं. केस कुरळे करायच्या लोशनमध्ये जे गंधकाचं रसायन असतं, तेच किंवा त्याचंच भावंड या औषधात असतं. केसांत ते आतले बंध सोडवतं. गाडीवर ते लोखंड धरतं.

हे लोखंड येतं ब्रेकमधून. ब्रेक दाबला की चाकाच्या तबकडीचा बारीक चुरा उडतो, गरम असतानाच चाकावर आणि पत्र्याच्या रंगावर बसतो आणि तिथेच गंजत राहतो. डोळ्याला दिसत नाही. पण हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून बोनेटवर फिरवली, तर पॉलिश पेपरवरून हात गेल्यासारखी खरखर लागते. औषध मारलं की ते त्या चुऱ्याला पकडतं आणि जांभळं होतं. पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ उतरायला लागले की नवखं गिऱ्हाईक हमखास घाबरायचं. वहिनी म्हणायची, "रंग नाही चाललाय तुमचा. गंज चाललाय."

ती हे काम सावलीत, थंड पत्र्यावर करायची आणि औषध वाळायच्या आत पाण्याचा जोरदार फवारा मारायची. वास मात्र तिच्याबरोबर घरी जायचा. सासूबाई दारातच टॉवेल पुढे करायच्या. "काय गं, दिवसभर अंडी उबवतेस की काय?"

"उबवते, आई. पिल्लं निघाली की पहिलं तुम्हालाच दाखवते."

सासूबाई तोंड फिरवून हसायच्या आणि गीझर लावायच्या.

सगळं ठीक चाललं होतं, तोवर मालकाच्या डोक्यात काचेची खोली शिरली. धुण्याच्या जागेला लागूनच त्याने गिऱ्हाइकांसाठी बसायची खोली बांधली. आत सोफा, कॉफीचं मशीन, कुंडीत प्लास्टिकचं झाड. पण सोफ्यावर बसलेली माणसं रुमाल नाकाला लावून बसायला लागली. मालकाने दोन गोष्टी केल्या. चेरीच्या वासाचं नवं औषध आणलं, आणि ते मारताना धुण्याच्या जागेचं शटर खाली ओढायचं, असा हुकूम सोडला.

बंद शटरच्या आत चेरीच्या बागेत कुणीतरी अंड्यांची गाडी उलटवावी तसा वास कोंडला. घसा खवखवायला लागला. पॉलिशवाले काका, सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत कमी बोलणारे, मशीन बंद करून भिंतीला टेकले. त्यांचा खोकला थांबेना.

वहिनीने शटर वर केलं.

मालक आला आणि त्याने शटर खाली ओढलं. "वास जातोय तिकडे!"

"तो इकडे आहे म्हणूनच तिकडे जातोय. इथे माणसं आहेत."

"आता चेरीचा वास येतो की!"

"चेरी वरून मारलीय, मालक. खालचं औषध तेच आहे. उलट उग्र वास आला की माणूस आपणहून बाहेर पळतो. तुम्ही तोही दाबून टाकलात."

"उद्या बघू," म्हणून मालक गेला. उद्या परत शटर खाली. परवाही. वहिनी वर करायची, तो खाली करायचा. शेवटी तिला या खेळाचा वीट आला. एक मोठी काळी गाडी आत घ्यायची होती. तिने ती अर्धीच आत घेतली, बरोबर शटरच्या खाली उभी केली, हँडब्रेक ओढला आणि चावी ॲप्रनच्या खिशात टाकली.

"गाडी आत घ्या," मालक म्हणाला.

"नाही घेत."

"चावी द्या इकडे."

"पंखे बसवा, शटर उघडं ठेवा, मग देते. नाहीतर ओढा शटर गाडीच्या टपावर. तुमचंच शटर, तुमचंच गिऱ्हाईक."

काचेच्या खोलीतून त्या गाडीचा मालक बाहेर आला. त्याला वाटलं गाडी अडकली. काय झालं ते वहिनीने त्याला सरळ सांगितलं, एक शब्द न लपवता. तो काही तिच्या बाजूने उभा राहिला नाही. "तुमची भांडणं तुम्ही बघा, माझी गाडी मला द्या," म्हणाला. तिने त्याला चावी दिली. गाडी त्याची होती, तिचं भांडण त्याच्याशी नव्हतं. तो तणतणत निघून गेला.

"झालं समाधान?" मालक ओरडला. "घालवलंत गिऱ्हाईक! घरी बसा आता!"

गाडी गेली होती, शटरखालची जागा मोकळी झाली होती. मालकाने शटरला हात घातला. तेवढ्यात पॉलिशवाले काका आले आणि त्याच जागी स्टूल टाकून बसले. त्यांच्या शेजारी धुणारे दोघे येऊन उभे राहिले. वहिनीने ॲप्रन काढला नाही. तीही एक बादली पालथी घालून तिच्यावर बसली.

दुपारपर्यंत एकही गाडी धुतली गेली नाही.

त्याच आठवड्यात भिंतीला दोन मोठे पंखे बसले. गिऱ्हाइकांची बसायची जागा, सोफा आणि प्लास्टिकच्या झाडासकट, रस्त्याच्या बाजूला हलली. शटर पूर्ण वर गुंडाळलं गेलं. मालक मात्र वहिनीशी बोलेनासा झाला. निरोप काकांकरवी यायचे. एके सकाळी काका येऊन म्हणाले, "मालक विचारतायत, आज त्या लाल गाडीची चाकं कराल का? ती दुसऱ्या कुणाला जमत नाहीत."

वहिनी हातमोजे चढवत होती. "त्यांना म्हणावं, तोंड आहे ना? इथे येऊन विचारा."

बराच वेळ कुणी आलं नाही. तिने दुसरी गाडी धुवायला घेतली. मग मालक आला, दारात थांबला, वासाने नाक मुरडलं, पण मागे सरला नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "ती लाल गाडी..."

"आणा आत," ती म्हणाली.