उणकल तळ्यापाशी बंद पडणारी गाडी

भूत-बित, शकुन-बिकुन यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आता तो बसलाय असंही मी म्हणणार नाही. आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे वडिलांनीच उंबऱ्याबाहेर ठेवले. आमच्याकडे लिंबू कापतात ते सरबतासाठी. त्यात मी हुबळीत विद्यानगरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये नोकरीला — पोरांनी रीडिंग ढापलं तर पुन्हा घ्यायला लावणारा माणूस. तेव्हा खालचं सगळं हसण्यावारी न्यायचं असेल तर खुशाल न्या. मला आता कशाचंच फारसं काही वाटत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. केशवापूरच्या घरात आम्ही दोघंच, दोघंही बिनलग्नाचे. आई लवकर गेली. अक्कानं शिवणकाम करून मला वाढवलं. माझे केस पांढरे झाले तरी मला 'तम्मा' म्हणायची, धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं. तिच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, तेही धारवाडला. आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून मीच न्यायचो.

गाडी घरून निघाली की झकास चालायची. वाटेत उणकल तळं आलं की एक आचका, मग दुसरा... आणि बंद. स्टार्टर फिरायचा, इंजिन पकडायचं नाही. थोडा वेळ थांबलं की आपोआप सुरू. पण तेवढ्यात उशीर व्हायचा, आणि तिकडे पुढचा पेशंट ताटकळत असल्यामुळे मशीनवरची अक्काची वेळ कापली जायची. वेळ कापली की दोन दिवसांत तिचे पाय सुजायचे, रात्री आडवं होता यायचं नाही. मी बॉनेट उघडून घामाघूम व्हायचो. अक्का मात्र काच खाली करून तळ्याकडे बघत बसायची. समोरच्या गाड्यावरून थोडंसं गिरमिट मागवायची. मीठ-तिखटाचा तो चुरमुरा तिला बंद होता, तरी चार दाणे तोंडात टाकायचीच.

"असू दे की रे तम्मा. त्या मशीनला बांधून घालण्याआधी जरा मोकळी बसते."

"अक्का, तुझे पाय बघितलीस काय?"

"पाय माझेच हाईत. घरी जाऊन बघते."

बसण्णाचं गॅरेज कमरीपेठेत आहे. त्याची पद्धत मला पटणारी — एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि चालवून बघायचं, म्हणजे दोष नेमका कशात ते कळतं. फ्युएल फिल्टर बदलला, पंप बदलला, मग कॉइल, मग प्लग. प्रत्येक वेळी तो माझ्याबरोबर त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला धारवाडपर्यंत आला. गाडी एकदाही अडखळली नाही. आणि अक्का बसली की तळ्यापाशी बंद! येतानाही नाही, फक्त जाताना.

माणसाच्या वजनानं एखादी वायर दबत असेल, असं मला वाटलं. मग आम्ही अक्काच्या वजनाचं तांदळाचं पोतं तिच्या सीटवर ठेवलं, त्याला बेल्ट लावला आणि धारवाडला जाऊन आलो. पोतं कुठंही न थांबता फिरून आलं. अक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. त्या आजारपणात तिला तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

"एनिल्ल री सर," बसण्णा हात पुसत म्हणाला. "काहीच सापडत नाही बघा. एक लिंबू बांधू या की."

मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्यानं लिंबाचं नाव पुन्हा काढलं नाही.

शेवटी त्यालाच सुचलं — क्रँक सेन्सर. हा सेन्सर जुना झाला की तापल्यावर काम सोडतो, इंजिन बंद पडतं, आणि गार झाला की पुन्हा चालू. तळ्यापर्यंत इंजिन तापायचं, थांबलं की निवायचं. सगळं जुळत होतं! मग अक्का नसताना का बंद पडत नाही, हा प्रश्न मी बाजूला सारला. मला उत्तर हवं होतं, आणि ते मिळालं होतं. डायलिसिसच्या आदल्या दिवशी गाडी गॅरेजला दिली. संध्याकाळी बसण्णा ती घरापुढे लावून, किल्ली शेजारी देऊन गेला.

सकाळी निघालो. तळं आलं. मी श्वास रोखून धरला होता... गाडी सरळ पुढे गेली. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. अक्का मान वळवून मागे बघत राहिली.

"आज थांबली नाही रे."

"सापडला एकदाचा फॉल्ट! आज पूर्ण वेळ मिळेल तुला."

"मग गिरमिट?"

"येताना खाऊ, अक्का."

आम्ही वेळेवर पोहोचलो. तिला मशीनवर पूर्ण वेळ मिळणार होता. मध्यावरच तिचं बीपी घसरलं, आणि पुढे काय झालं ते मला वॉर्डच्या काचेबाहेरून नीट दिसलंही नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं, हे कधीही होऊ शकलं असतं. येताना ती ॲम्ब्युलन्समध्ये होती आणि मी गाडीतून तिच्या मागे. तळ्यापाशी कुणीच थांबलं नाही.

अक्काचं पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्याकडचं दिवसकार्य, आटोपल्यावर बसण्णा घरी आला. त्यानं पिशवीतून एक छोटा खोका काढला.

"सर, सेन्सर आला आज. त्या दिवशी माल आलाच नव्हता. जुनाच पुसून परत बसवला होता. सांगायचं राहून गेलं बघा."

मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं तेच सांगितलं. म्हणजे त्या दिवशी गाडीत काहीही बदललेलं नव्हतं. मग ती का थांबली नाही? आणि आधी दर वेळी का थांबत होती? लॅबमध्ये असं रीडिंग आलं असतं तर मी पोराला पुन्हा घ्यायला लावलं असतं. हे पुन्हा घेता येत नाही. मी खूप डोकं चालवलं, मेकॅनिकल विभागातल्या प्राध्यापकांनाही विचारलं. कुणाकडेच उत्तर नाही.

"बसवून टाकू काय?" बसण्णानं विचारलं.

मी नको म्हणालो. खोका अजून कपाटात तसाच आहे. सुट्टीच्या दिवशी मी धारवाडच्या रस्त्याला गाडी काढतो. तळं आलं की डावीकडे घेतो, वेग कमी करतो, आचक्याची वाट बघतो. गाडी झकास चालते.