मोगऱ्याची खुंटी

अवद गादीवाल्याला डोळे मिटल्याशिवाय नीट दिसत नाही, असं एडनच्या क्रेटर भागात सगळे म्हणत. गादी भरून झाली की तो डोळे मिटायचा आणि तिच्यावरून तळवा फिरवायचा. कापूस कुठे दडपलाय, गाठ कुठे लपलीय, ते तळवा बरोबर सांगायचा. ही विद्या त्याच्या आंधळ्या बापाची. बाप म्हणायचा, "डोळा वरवरचं बघतो रे, आतलं बघायला हातच लागतो."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या झोपेची सोय केलेल्या या माणसानं स्वतःसाठी एकच चैन केली. इंग्रज बंदर सोडून निघाले त्या आठवड्यात, एका बऱ्यापैकी गाढवाच्या किमतीत, त्यानं कुणा साहेबाची जुनी स्पोर्ट्स कार घेतली. पिस्त्याच्या रंगाची, बुटकी, वर कापडी टप, आणि आत बसायला दोनच जागा.

त्या दोन जागांवरच तर त्याचा जीव जडला. घरात माणसं अकरा. बायकोशी, नूरियाशी, त्याचं चाळीस वर्षांचं बोलणं म्हणजे "मीठ दे", "पाणी आलं का" आणि "हळू, पोरं झोपलीत." या गाडीत तिसरं कुणी मावतच नव्हतं. दर गुरुवारी लहजच्या मळ्यांतला मोगरा बाजारात आला की नूरिया एक गजरा घ्यायची आणि सूर्य कलताना दोघं खिंड ओलांडून गोल्ड मोहरच्या किनाऱ्याकडे निघायची. ओढणीखाली गजरा चुरगळतो, म्हणून ती तो किनाऱ्यावर पोचल्यावरच माळायची. पहिल्याच दिवशी अवदनं डॅशबोर्डखालचं एक काळं बटण ओढलं. बोटभर लांब दांडी बाहेर आली.

"घे, तुझ्या गजऱ्याला खुंटी."

नूरिया तेव्हा लाजली होती. साठीला आलेली बाई, पण लाजली.

पण गाडी तापायची. एडन काही थंड गाव नव्हे, तरी बाहेरचं ऊन बरं वाटावं इतकी ती आतून तापायची. पायांशी धग, गुडघ्यांना धग. मोगऱ्याच्या कळ्या खिंडीतच पिवळ्या पडायच्या आणि किनारा येईपर्यंत त्यांच्या चहापत्तीसारख्या गुंडाळ्या व्हायच्या.

चार महिने नूरियानं काढले. मग एका गुरुवारी तिची चप्पल गाडीच्या तळाला चिकटली.

"अबू हैसम, मी काही बोलत नाही," ती म्हणाली. थोरल्या हैसमचा बाप म्हणून ती त्याला 'अबू हैसम' अशी हाक मारायची. ती असं म्हणाली की अवद स्टिअरिंग घट्ट धरायचा. "मी कधी बोलते का? पण माझी भाकरी व्हायची वेळ आलीय. एक बाजू झाली, आता उलटा मला."

"थोडं काम केलं की..."

"करा. आणखी दोन गुरुवार देते. हा गजरा ताजा राहून गोल्ड मोहरला पोचला तर गाडी आपली. नाही पोचला तर सालमीनला देऊन टाका. तो विचारतोच आहे."

सालमीन मासेवाला प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायचा. लिलावात घसा घालवून लागलेली खोड. दुसऱ्याच दिवशी तो दुकानाच्या पायरीवर हजर झाला.

"काका, मला द्या, मला द्या. मागं पाट्या रचतो, पाट्या रचतो."

"अरे, भट्टी आहे ती. तुझे मासे शिजतील."

"मग शिजवलेल्याचा भाव लावीन! शिजवलेल्याचा!"

अवद हसला खरा, पण रात्री जेवताना मीठ मागायलाही त्याला शब्द फुटेना. गाडी गेली की पुन्हा तेवढंच उरणार होतं. मीठ आणि पाणी.

तो कामाला लागला. इंजिन आणि पायांच्या मधल्या पत्र्याला जागोजागी भोकं होती. त्यानं ती चामड्याचे तुकडे शिवून बुजवली. गिअरच्या दांड्याचा फाटका चामडी झगा नवा केला. चहाच्या खोक्यांतला चकचकीत वर्ख तळाला चिकटवला आणि त्यावर मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा अंथरला. दुकानात लोकरीचे तंतू उन्हात तरंगत राहिले. त्या तंतूंकडे बघता बघता अवदला वाटायचं, हे काम संपूच नये, आपण असेच एका मऊ, शांत डब्याला आतून अस्तर लावत बसावं.

पहिल्या गुरुवारी चपला चिकटल्या नाहीत. गजरा मात्र खिंडीतच पिवळा पडला.

"मी काही बोलत नाही," नूरिया म्हणाली, आणि खरंच बोलली नाही. अवदला ते जास्त लागलं.

दुसऱ्या गुरुवारी दुपारी तो गाडीत उताणा शिरला, पाय दाराबाहेर, डोकं पेडलपाशी. इंजिन चालू ठेवलं होतं. बघण्यासारखं सगळं बघून झालं होतं. मग त्यानं डोळे मिटले.

तळवा निघाला. नमदा कोमट. पत्रा कोमट. मोठी गादी असावी आणि तिच्यात एकच गाठ असावी, तसा हात सरकत वर गेला आणि डॅशबोर्डखाली एका पत्र्याच्या पेटीवर पोचताच चटकन मागे आला. पेटी तंदूरसारखी तापली होती. तिच्यात शिरणाऱ्या दोन रबरी नळ्यांतून इंजिनचं उकळतं पाणी खेळत होतं. नळीच्या तोटीला एक तार बांधलेली. बोटं तारेवरून पुढे सरकली, सरकली आणि खुंटीपाशी येऊन थांबली.

साहेब लोकांच्या गावात थंडी असते. त्यांनी गाडीत शेगडी बसवली होती आणि ती पेटवायला एक बटण ठेवलं होतं. एडनमध्ये गाडीत शेगडी कोण शोधणार?

अवदनं खुंटी आत ढकलली. तळवा नळीवर ठेवून तो पडून राहिला. हळूहळू, ताप उतरणाऱ्या पोराच्या कपाळासारखी, नळी निवत गेली.

संध्याकाळी नूरिया बसली आणि तिचा हात सवयीनं डॅशबोर्डखाली गेला.

"खुंटी कुठे गेली?"

अवदनं गाडी सुरू केली. बाजार मागे पडला, खिंडीचा चढ आला, तेव्हा कुठे त्यानं सांगितलं. समोर बघतच सांगितलं.

नूरियाचे खांदे हलू लागले. अवदला वाटलं, रडतेय.

"म्हणजे चार महिने," ती कशीबशी म्हणाली, "चार महिने तुम्ही मला प्रेमानं शिजवत होता? प्रेमानं?" आणि ती इतकी हसली की अवदला उतारावर गाडी बाजूला घ्यावी लागली. तो हसला ते तिच्या हसण्याला.

टपाच्या फटीतून समुद्राचा वारा आत येत होता. खुंटी नव्हती, म्हणून गजरा नूरियाच्या मनगटावर होता. गोल्ड मोहरला सूर्य पाण्याला टेकला तेव्हा तिनं गजरा नाकाशी नेला, मग अवदच्या नाकाशी. कळ्या पांढऱ्याशुभ्र, वाटेतच दोन-तीन उमललेल्यासुद्धा.

"अबू हैसम."

"हं?"

"सालमीनला सांगा, मासे गाढवावरून ने, गाढवावरून ने."

दोघं बराच वेळ उतरलीच नाहीत.