कागदामागचा शेरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे मागच्या शुक्रवारी सकाळपर्यंत तरी नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि तुम्हाला तर नाहीच — गणपतीत हॉलमध्ये उभं राहून तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्यात ना? मंडळाच्या अंकासाठी तुम्ही लेख मागितलात. 'दोह्यात बसून अमेरिकेचा इतिहास उलगडणारी आपली वृंदा' असं शीर्षकसुद्धा सुचवलंत. मी चार वेळा लिहायला बसले. चारही वेळा पहिल्याच वाक्यात 'मी' आला आणि पुढे हात चालेना.

तेव्हा जे झालं तेच लिहिते. अडखळत लिहीन — चालवून घ्या.

माझे सासरे, अण्णा, येवल्याच्या कचेरीत रेकॉर्ड रूमला होते. उभी नोकरी जुन्या कागदांत गेली. मोडी वाचणारा माणूस म्हणून तीन तालुक्यांत नाव. सासूबाई गेल्यावर मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना इकडे दोह्यात, अल गराफ्याच्या घरी आणलं. मिलिंद पहाटे मेसईदच्या बसने प्लांटवर जाणार, आमची लेक ईरा शाळेत जाणार, मागे उरलो आम्ही दोघं. मी नाशिकला कॉलेजात इतिहास शिकवायचे. इथे दोन वर्षं घरी होते. आणि अण्णा? त्यांना वाचायला काही नव्हतं. मग ते लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, डब्यावरचं वाचायचे. कंपाउंडच्या नोटिसा वाचायचे. समोरच्या दुकानाची अरबी पाटी खिडकीतून पाहत बोटाने हवेत गिरवायचे — "उजवीकडून चालतो बघ यांचा हात. ऐटीत चालतो."

त्याच सुमाराला मला ती वेबसाइट सापडली. अमेरिकेतल्या एका राज्याच्या दप्तरखान्याने आपल्या सुरुवातीच्या गव्हर्नरांचा पत्रव्यवहार स्कॅन करून ठेवला होता. देश नुकताच स्वतंत्र झालेला, तेव्हाचे कागद. जगातल्या कुणीही घरबसल्या ती पत्रं वाचायची आणि टाइप करून पाठवायची. मी हौसेने नाव नोंदवलं. पहिलं पान उघडलं — आणि मला चार शब्दांपुढे काही लागेना! शाई फुटलेली, अक्षरं एकमेकांत गुंतलेली. त्या काळी इंग्रजीतला 'एस' पुष्कळदा 'एफ'सारखा काढत, तेही मला ठाऊक नव्हतं.

अण्णा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शेवटून सुरुवात कर. खाली 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' आहे. आमच्याकडे इंग्रज साहेबाच्या जुन्या फायलींत सगळी पत्रं अशीच संपायची. ते शब्द पक्के ठाऊक आहेत ना? मग त्यातली अक्षरं उचल आणि वर लाव."

काय सांगू तुम्हाला! तासाभरात अख्खं पान सुटलं.

त्यानंतरचे सहा महिने — माझ्या दोह्यातल्या सगळ्या दिवसांत इतके छान दिवस दुसरे नाहीत. साडेआठला भांडी आवरली की आम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडायचो. अण्णांच्या हातात त्यांचं जुनं भिंग. स्क्रीनवर मोठं करता येतं म्हटलं तरी मी पान छापून आणायचं आणि त्यांनी ते भिंगाखाली धरायचं. गव्हर्नरला ते 'साहेब' म्हणायचे. "साहेबांना आज डुकरांची तक्रार आलीय. शेजाऱ्याची डुकरं मक्यात शिरली म्हणून राज्याच्या प्रमुखाला पत्र! आपल्याकडे निदान तलाठ्यापर्यंत तरी थांबतात." कुणी मुलासाठी नोकरी मागे, कुणी बंदुकीची दारू मागे, कुणी आपण साहेबांना कुठल्या जेवणात भेटलो होतो ते दोन पानं आठवण करून देई. अण्णा हसून हसून खोकायचे. हातावरून त्यांना माणूस दिसे. "हा कारकून नवा आहे. 'सर' लिहिताना थांबलाय बघ, शाईचा ठिपका पडलाय." किंवा, "ह्याला घरी जायची घाई आहे. मोडीसारखं लिहितोय, लेखणी उचलतच नाही." ईरा शाळेतून आली की विचारायची, "आजोबा, व्हॉट डिड द गव्हर्नर डू टुडे?" आणि ते मराठीत सांगायचे, ती इंग्रजीत हसायची.

वाचायचे ते. टाइप करायची मी. खाली नाव माझं — कारण खातं माझ्या नावाचं होतं. एवढंच. सुरुवातीला खरंच एवढंच होतं.

मग ते पत्र आलं.

एका बाईने गव्हर्नरला लिहिलेला अर्ज होता. नवरा मारामारीच्या गुन्ह्यात तुरुंगात, घरी तीन लेकरं, वसंत जवळ आलेला, जमीन पेरायला माणूस नाही. अर्ज सगळ्यांना वाचता येत होता. पण पुढे त्या माणसाचं काय झालं ते कुणाला माहीत नव्हतं. तुरुंगातून तो बाहेर पडला हे नक्की. सुटल्याचा कागद मात्र नाही. पळालाच असणार, असं सगळे धरून चालले होते.

अण्णांनी अर्जाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मागची बाजू काढ," म्हणाले. "अर्ज काय, कुणीही करतो. शेरा बघायचा."

मागच्या बाजूला शाईचा डाग होता. पुढची अक्षरं उमटून मागची अक्षरं त्यात बुडालेली. दप्तरखान्याने तिथे 'वाचता येत नाही' अशी नोंद केली होती. अण्णा अकरा दिवस त्या डागापाशी बसले. कागद उलटा धरायचे. आडवा धरायचे. "सुलटा धरला की डोळा ओळखीचे शब्द घुसडतो," म्हणायचे. आणि बाराव्या दिवशी, मी कणीक मळत असताना, त्यांनी मला हाक मारली. आवाज कसा होता सांगू? मिलिंदचा दहावीचा निकाल लागला तेव्हा असाच असेल.

गव्हर्नरच्या हातचा शेरा होता. इंग्रजी अण्णांचं कामापुरतं, पण त्यांनी अक्षर अक्षर लावून सांगितलं आणि मी वाक्य जुळवलं — पेरणीआधी याला घरी जाऊ द्यावे, गुरुवारी सोडावे.

आम्ही दोघांनी नाचायचंच बाकी होतं. त्या दिवशी मी मन्सूऱ्याहून जिलबी मागवली.

दप्तरखान्याकडे पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वाचन तपासलं, शाईखालची अक्षरं यंत्राने पाहिली, बरोबर आहे. एका ऑनलाइन कार्यक्रमात मी बोलावं अशी विनंती. आणि सोबत एका म्हाताऱ्या बाईंचं पत्र जोडलेलं. त्या तुरुंगातल्या माणसाच्या वंशातल्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या त्याला पळपुटा म्हणत आले होते. त्यांनी लिहिलं होतं, 'ज्या डोळ्यांनी हे वाचलं, त्या डोळ्यांना माझा नमस्कार सांगा.' आपल्या शब्दांत असाच त्याचा अर्थ.

त्या डोळ्यांना. कळतंय ना तुम्हाला?

अण्णा स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. तिथूनच विचारलं, "काही कळलं का गं?"

आणि मी म्हणाले, "हो अण्णा. चुकलं म्हणतात. शेरा तसा नाहीये."

का म्हणाले? त्याच आठवड्यात मी इथल्या एका संग्रहालयाच्या कागदपत्र विभागात अर्ज केला होता. अनुभव म्हणून हेच काम लिहिलं होतं — माझं म्हणून. अण्णांना खरं कळलं असतं तर त्यांनी येवल्यापासून अल खोरपर्यंत प्रत्येकाला फोन केला असता. आणि कुणीतरी विचारलंच असतं, मग वृंदाने काय केलं? हा प्रश्न मला नको होता. दोन वर्षं कुणी मला काहीच विचारलं नव्हतं, आणि आता कुठे कुणीतरी माझं नाव घेत होतं. ते मला वाटून घ्यायचं नव्हतं.

अण्णांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाले, "असं कसं. बरं. असेल."

ऑनलाइन कार्यक्रमाच्या दिवशी मी त्यांना ईराबरोबर बागेत पाठवलं. दार लावून अर्धा तास बोलले. शेवटून सुरुवात करायची, सुलटा कागद डोळ्याला फसवतो, अर्ज सोडून शेरा बघायचा — सगळं सांगितलं. कुणीतरी विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हणाले, हळूहळू नजर बसत गेली.

नोकरी लागली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. अण्णाही पहिल्या रांगेत होते त्या दिवशी. सूत्रसंचालकांनी नुसतं 'अमेरिकन दप्तरखान्याने गौरवलेली' एवढंच म्हटलं, कुठल्या पत्राबद्दल ते म्हटलं नाही, म्हणून मी वाचले. अण्णांनी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवल्या.

पण घरी त्यांनी वाचणं सोडलं होतं. सुरुवातीला मला वाटलं, रागावलेत. रागावले नव्हते. भिंग त्यांनी ईराला मुंग्या बघायला देऊन टाकलं. औषधाच्या पट्टीवरचं नाव मला वाचायला सांगू लागले. एकदा मिलिंदला म्हणाले, "डोळे गेले माझे. जे नाही ते दिसतं." मिलिंदने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "त्याला काय कळतंय, तो बत्तीवरची मोठी अक्षरं दाखवतो." मिलिंद काळजीत पडला. मी गाडीत मागे बसले होते. तेव्हा सांगता आलं असतं. पुढच्या सिग्नलला सांगू, असं म्हणत म्हणत घर आलं.

चौदा महिने गेले असे.

मागच्या शुक्रवारी मी पाचव्यांदा तुमचा लेख लिहायला बसले होते. मिलिंद आणि ईरा पोहायला गेलेले. अण्णा समोर कोथिंबीर निवडत होते — बोटांनी चाचपून, न बघता. मी ते हात पाहिले. लॅपटॉप बंद केला, आणि उभी राहून सांगून टाकलं. शेरा बरोबर होता. तुम्ही वाचलात तोच होता. मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि जगाला सांगितलं की मी वाचला.

कोथिंबिरीची काडी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"बरोबर होता?"

"हो अण्णा."

"सगळा?"

"एक शब्द सोडून. गुरुवार नाही, मंगळवार होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता. आता बोलतील ते. आणि ते — तुमचा विश्वास बसणार नाही — ते खदखदून हसले. "मंगळवार! म्हणजे दोन दिवस आधीच सुटला बिचारा! टी-एच नव्हतं तर ते. नुसता टी होता, त्याला शेपूट फुटलेलं. दाखव, दाखव, आत्ता दाखव मला."

मी पान उघडलं. त्यांनी लॅपटॉप नाकाशी ओढला. मग ईराच्या खणातून भिंग काढून आणलं. दहा मिनिटं त्या एका अक्षरावरून इकडून तिकडून फिरले, आणि मग इथल्या अरबांसारखं "खलास!" म्हणून टेबलावर थाप मारली. कुठून शिकले देव जाणे. म्हाताऱ्या बाईंचं पत्र मी वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं. ते दोनदा सांगायला लावलं. मग त्यांनी येवल्याला, रेकॉर्ड रूममधल्या जुन्या सोबत्याला फोन लावला. पलीकडच्याला ऐकू कमी येतं, म्हणून अण्णा गॅलरीत जाऊन ओरडत होते, "अरे, शाबूत आहेत! डोळे शाबूत आहेत माझे!" खाली गाडी धुणारा मान वर करून बघत राहिला. इतका आनंदी माणूस मी या घरात दुसरा पाहिलेला नाही. मीही रडता रडता हसत होते, आणि सगळ्या घरात कोथिंबिरीचा वास भरला होता.

त्याच संध्याकाळी मी दप्तरखान्याला कळवलं. संग्रहालयातल्या माझ्या वरिष्ठांनाही लिहिलं. दप्तरखान्याचं उत्तर कालच आलं; त्या पानाखाली आता अण्णांचं नाव आहे. संग्रहालयाने रविवारी बोलावलंय. जे ठरवतील ते ठरवतील. मिलिंद दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, मोजकं.

अण्णा माझ्याशी पूर्वीसारखेच बोलतात. सकाळी साडेआठला टेबलावर येऊन बसतात. सध्या साहेबांकडे एका पुलाचं प्रकरण चाललंय. त्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही, का केलंस. मीही त्या दिवशी सांगितलं त्याच्या पलीकडे काही बोलले नाही.

पुढच्या गणपतीत टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. आणि हेही ठाऊक असू द्या — चौदा महिने एक माणूस आपले डोळे गेले असं समजून या घरात वावरत होता. ते डोळे चुकले नव्हते, हे जगात एकट्या मला माहीत होतं. मी रोज सकाळी त्यांना फोनवरचा पेपर वाचून दाखवायचे, आणि ते मला म्हणायचे, "किती करतेस गं माझ्यासाठी."