वली कोण उभा राहणार

खैरुन्निसा परकार कुवेतच्या अब्बासिया भागातील आमच्या भारतीय शाळेत नववीला इतिहास शिकवत. मी तेथे सामाजिक शास्त्रांचा विभागप्रमुख होतो, आणि रिग्गईतील ज्या इमारतीत मी राहत असे, तिच्याच दुसऱ्या मजल्यावर त्या आपली मुलगी शहरबानू हिच्यासह राहत. मूळ गाव रत्नागिरीच्या खाडीकाठचे. पाठनियोजन वेळेवर देणाऱ्या आणि फळ्यावर तारीख न चुकता लिहिणाऱ्या या बाई एकाच ठिकाणी अभ्यासक्रम सोडून जात: पहिल्या महायुद्धातील रशियापाशी.

२००८ साली त्यांच्या पाठाच्या निरीक्षणासाठी मी मागच्या बाकावर बसलो. पुस्तकातले सारे त्यांनी नेटके सांगितले. माघार घेणाऱ्या झारच्या सैन्याने आपल्याच प्रजेची पिके आणि घरे जाळली, लक्षावधी लोक निर्वासित झाले. पुरुष आघाडीवर गेले, शेते आणि कारखाने बायकांच्या अंगावर पडले. रेल्वे कोलमडली आणि राजधानीत पाव मिळेना. मग त्यांनी पुस्तक मिटले आणि पावाच्या रांगेतील बायकांविषयी त्या बोलू लागल्या. ज्यांचे नवरे बेपत्ता होते, त्या बायका परतलेल्या प्रत्येक जखमी शिपायाकडे नवऱ्याचे नाव सांगून चौकशी करीत. सैनिकाच्या बायकोला सरकारी भत्ता मिळे. तो आपणहून शत्रूला शरण गेला असे ठरले, तर भत्ता बंद. म्हणून रांगेत उठणारी प्रत्येक अफवा त्या जीव मुठीत धरून ऐकत.

स्वरा नावाच्या मुलीने विचारले, "मिस, सो वॉज शी अ विडो ऑर नॉट?"

बाईंनी मिटलेले पुस्तक पुन्हा उघडले. तेवढ्यात घंटा झाली.

शिक्षकांच्या खोलीत मी म्हणालो, "बाई, परीक्षेत हे विचारत नाहीत."

"ठाऊक आहे, सर. मला मात्र सगळे तेवढंच विचारतात."

त्याचा अर्थ मला माहीत होता. येथील बेकरीत बायकांची रांग वेगळी असते आणि ती लवकर सरते. त्यामुळे पाव आणायला नेहमी बाईच जात. १९९०च्या ऑक्टोबरात कुवेत इराकी सैन्याच्या ताब्यात असताना एके सकाळी लहानगी शहरबानू तापाने फणफणली, म्हणून त्यांचे पती कमाल गेले. सैनिकांनी पुरुषांच्या रांगेतून काही जण निवडून बसमध्ये चढवले. त्यांत कमाल होते. पुढे कोणी सांगितले, ते बसऱ्याच्या तुरुंगात आहेत. कोणी सांगितले, अम्मानमध्ये दुसरा संसार थाटून बसले आहेत. २००३ नंतर इराकच्या वाळवंटात सामूहिक कबरी उघडल्या गेल्या, तेव्हा शहरबानूच्या रक्ताचा नमुना दिला. जुळणी झाली नाही. कमालच्या मानेवर भाजल्याचा डाग होता. बसमधून उतरताना बाई प्रत्येक अनोळखी पुरुषाच्या मानेकडे पाहत. आपण पाहतो हे त्यांना कळत नसावे.

२००८ सालीच शहरबानूचा निकाह ठरला आणि तो प्रश्न थेट घरात आला. त्यांच्या कोकणी जमातीत वधूच्या बाजूने वली, म्हणजे तिला निकाहात देणारा पालक, उभा राहावा लागतो, आणि तो मान वडिलांचा. वडील वारले असतील तर, आजोबा आणि भाऊ नसल्यामुळे, काका झहूर उभा राहणार. वडील केवळ बेपत्ता असतील, तर काकाला अधिकार नाही. निकाह लावणारे मौलवीच वली होणार. काय ते खैरुन्निसाबाईंनी सांगायचे होते.

झहूरचे सालमियात कापडाचे दुकान. तो बाईंकडे आला तेव्हा मी त्यांच्या घरी चहाला बसलो होतो.

"भाभी, शेरवानी शिवून झाली माझी. तुम्ही बेपत्ता म्हणालात, तर ती घालून काय बिर्याणीच्या देगीजवळ उभा राहू?"

"राहा. भात तरी करपणार नाही."

तो हसला; मग खाली मान घालून म्हणाला, "माझाही तो भाऊच ना, भाभी."

"अम्मी, आय वॉन्ट चाचा," शहरबानू म्हणाली. "मौलवीसाहेबांना मी ओळखतसुद्धा नाही."

"आणि अब्बा? ते आठवतात तुला?"

"नाही. मला फक्त तुझं वाट बघणं आठवतं."

बाईंनी कप उचलले आणि त्या आत गेल्या. बराच वेळ नळ नुसता वाहत होता.

निकाह घरीच झाला. मौलवींनी पडद्यापलीकडे विचारले, "वधूचे वडील?"

कोणीतरी जिना चढत होते. सर्वांना ऐकू आले. पावले दुसऱ्या मजल्यावर आली, थांबली, आणि पुढे वर गेली.

"वारले," खैरुन्निसाबाई म्हणाल्या.

झहूर वली म्हणून पुढे बसला. ठरलेले शब्द त्याने उच्चारले. मुबारकबाद द्यायला उठलेल्या बायका बाईंच्या गळ्यात पडून रडू लागल्या. लग्नघरात सांत्वन चालले होते आणि नवरदेवाकडची माणसे हातात मिठाई घेऊन अवघडून उभी होती.

बाई इद्दत, म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूनंतरचे विधवेचे चार महिने दहा दिवस, पाळणार असे कळल्यावर मौलवी हळूच म्हणाले, "इतकी वर्षं लोटली, बाई. आता तिची गरज नाही."

"तारीख कुठे ठाऊक आहे, मौलवीसाहेब? मी आजचीच धरते."

पाठवणीच्या वेळी झहूर दारात घुटमळला. "भाभी, गाडीपर्यंत तरी चला."

"विधवा इद्दतीत घराबाहेर पडत नाही, झहूर. तू जा. तिला सांभाळून उतरव, शरारा पायांत येतोय."

शहरबानू काही पायऱ्या उतरली, परत वर आली आणि उंबरठ्याच्या आत उभ्या असलेल्या आईला बिलगली. मग ती काकाचा हात धरून खाली गेली. बाईंनी दार लावून घेतले.