पाट बघायला समिती आली

मेलितोन पारिओना माझा धाकटा दीर, आणि आमच्या वाइलापम्पा गावाचा पाटकरी. कुणाच्या वावराला कधी पाणी सोडायचं, ते तो बघायचा. गावसभा दर वर्षी नवा पाटकरी निवडते, पण याला सात वर्षं कुणी हलवलं नाही. पोटच्या पोरीचं वावर पाटाच्या अगदी शेवटाला, तरी पाळी सोडून तिला घागरभर पाणी दिलं नाही. असला हेकट माणूस!

प्रांताच्या परिषदेनं शेतीसुधारणेच्या निधीतून आमच्या मातीच्या पाटाला सिमेंटचं अस्तर करून दिलं. पहिल्याच हिवाळ्यात ते जुन्या मडक्यासारखं तडकलं. पाणी वरच्या टप्प्यातच मुरायला लागलं आणि खालच्या वीस घरांना थेंब मिळेना. मेलितोनची नेलिदा त्यांतलीच. ती बापाला म्हणाली, "बाबा, पेरणीपर्यंत वाट बघते. नाही आलं पाणी, तर आम्ही निघालो किनाऱ्याकडं, शतावरीच्या मळ्यांत कामाला." मेलितोनची बायको वारलेली. नेलिदा आणि तिची तान्ही, एवढंच त्याचं घर.

मग त्यानं परिषदेच्या तपासणी समितीकडं अर्ज केला. तीनदा शहरात जाऊन दारात बसून राहिला. समितीचा नियम सोपा होता. सभासद येणार, डोळ्यांनी बघणार, लिहून नेणार. काम वाईट लिहिलं तर ठेकेदाराला पुन्हा करून द्यावं लागणार. चांगलं लिहिलं की विषय संपला.

समिती गुरुवारी येणार असं कळलं. मेलितोन त्यांना रस्ता दाखवायला बुधवारी पहाटेच शहरात गेला. आणि इकडं आम्ही अक्कल गहाण टाकली.

आमचा गावप्रमुख देमेत्रिओ म्हणाला, "पाहुणे येताहेत आणि पाट असा? म्हणतील, काय आळशी गाव आहे, दिलेलं राखता येत नाही." झालं! लगेच गावकामाची हाळी दिली. घरटी एक माणूस, फावडं घेऊन. आम्ही भेगांत चिखल आणि गवताची ढेकळं ठासली, वरून चुना फासला. डोंगरावरचा ओढासुद्धा एका दिवसापुरता वळवून पाटात सोडला. चुना मी कालवला. आग लागो माझ्या हातांना! समिती काय बघायला येतेय ते मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण पाहुण्याला घरातलं फुटकं दाखवायचं नाही, हे आमच्या हाडांत मुरलंय.

गुरुवारी गाडीतून उतरल्यावर मेलितोननं पाट बघितला आणि जागच्या जागी थबकला. पांढराशुभ्र पाट, काठोकाठ पाणी. समितीच्या आरेस्तेगीबाई हसून म्हणाल्या, "अहो मेलितोन, हा तर आमच्या शहरातल्या पाटापेक्षा झकास आहे!"

"बाई, खाली चला. शेवटच्या वावरापर्यंत चला," तो म्हणाला. "माझी पोरगी तिथं थांबलीय. तिथं बघा पाणी येतं का."

तेवढ्यात देमेत्रिओनं पाचामांका उघडायला लावली. तापल्या दगडांत पुरलेलं मेंढराचं मांस आणि बटाटे एकदा वर काढले की थांबता येत नाही. पाहुण्यांनी जेवायचं आणि आम्ही वाढायचं. बाई बसल्या. मी त्यांच्यासमोर ताट ठेवलं, तशी त्यांनी मलाच विचारलं, "काय हो आजी, खालच्या वावरांना पाणी पोचतं ना?"

मेलितोन माझ्याकडं बघत होता. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं.

"पोचतं, बाई," मी म्हणाले. "घ्या ना अजून, निवून जाईल."

 मेलितोननं चिखलात बोट घालून भेग दाखवली असती, तर सगळं गाव पाहुण्यांपुढं खोटं पडलं असतं. नाही दाखवली त्यानं. बाईंनी लिहून घेतलं: काम समाधानकारक, तक्रारीत तथ्य नाही.

महिन्याभरात चिखल वाहून गेला. मेलितोन पुन्हा शहरात गेला, तेव्हा कारकुनानं तोच कागद त्याच्यापुढं सरकवला. "तुमच्याच गावानं सांगितलंय, काका." पेरणी आली आणि गेली. खालची वावरं उलली.

नेलिदा निघाली त्या दिवशी मी निरोपाला गेले. न जाऊन सांगते कुणाला! गाडीच्या टपावर गाठोडी चढत होती. मेलितोन नातीला कडेवर घेऊन उभा होता, तिला सोडतच नव्हता. नेलिदानं पोर घेतली आणि म्हणाली, "बाबा, एक सांगा. ती बाई खाली आली नाही ते नाही, पण गावात कुणाला तरी विचारायचं! मोठी आई होती तिथं. मोठ्या आईनं सांगितलं असतं की नाही खरं?"

मोठी आई म्हणजे मी. आता हा सांगणार, असं वाटलं. सांगावं, असंही वाटलं.

"नाही गं," मेलितोन म्हणाला. "त्यांनी कुणालाच विचारलं नाही."

नेलिदा मला मिठी मारून रडली आणि गाडीत बसली. गाडी गेल्यावर तो म्हणाला, "चला वहिनी, ऊन चढलंय." आणि मला घरापर्यंत सोडून गेला.