आबांचं कानाचं मशीन

दर सव्वीस जानेवारीला आबांचे बूट मलाच पॉलिश करावे लागतात. आबा म्हणजे माझा बाप, त्यांना आता वाकवत नाही. "तोंड दिसलं पाहिजे त्यात," म्हणतात. दिसतं की, माझंच, वैतागलेलं. आबांनी फौज सोडून किती वर्षं झाली, पण आमच्या घरातून फौज काही हलत नाही. खरं सांगते, मी लई थकलेय.

यंदाही हर्सूलहून गाडी करून त्यांना गंगापूरजवळच्या आमच्या गावी नेलं. शाळेच्या झेंडावंदनाला त्यांची मानाची खुर्ची असते. फौजेतल्या भट्ट्यांच्या घरघरीनं आबांचे कान पार गेलेले. यंदा मीच मागे लागून मशीन बसवलं होतं. हौस माझी!

गुरुजींनी माईकवरून दरवर्षीचंच सांगितलं, "यांनी सीमेवर एकट्यानं दहा शत्रू लोळवले!" ही थाप माझी. चौथीत, याच शाळेत, वडिलांवरच्या निबंधात मी ती मारली होती. पोरी विचारायच्या, तुझा बाप फौजेत काय करतो? 'पोळ्या लाटतो' म्हणायला जीभ रेटायची नाही. गावानं ती थाप जपली. आबांना ती कधी ऐकूच आली नव्हती.

आबा उठले. काठी टेकत माईकशी गेले.

"मी एक बी गोळी झाडली नाय. मी लंगरात स्वयंपाकी होतो. बर्फातून पहारा करून पोरं यायची, त्यांच्या हातात पोळी गरमच पडायची. एक दिवस खाडा नाय केला."

आणि कडक सलाम ठोकला. टाळ्या वाजल्या, पण जरा उशिरानं.

परतताना गाडीत ते म्हणाले, "दहा शत्रू! कुणी उठवलं असंल गं हे?"

खोटं रेटायचंही त्राण उरलं नव्हतं. "मी, आबा. चौथीत असताना."

ते बाहेरच्या उसाकडे वळले. मग म्हणाले, "लाज वाटायची व्हय, पोळ्यांची?"

"व्हय."

आबांनी कानातलं मशीन काढलं, मेडलांखालच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. हर्सूल येईस्तोवर मी त्यांची माफी मागत राहिले.